परगृहवासी : शब्द तपासावा

पुणे,
२ जून २०२५

प्रिय महिपत,

दोन वर्षांत पत्र नाही, त्याबद्दल आधी रागावून घे, मग पुढे वाच.

यंदा आमच्या दिवाळी अंकाचा विषय आहे विज्ञानकथा. विद्वानांचे सहा लेख येऊन पडलेत. सगळ्यांत तळटीपा आहेत, आणि एखादी कथा कुणाला आवडल्याची खूण एकातही नाही. म्हणून मला एक साधा, खराखुरा वेडा वाचक हवा आहे. माझ्या ओळखीत तसा एकच माणूस आहे आणि तो नेरडीगोंड्याजवळ वांगी पिकवतो.

विषय ‘माझ्या आवडत्या विज्ञानकथा’. आठशे शब्द. सुट्टीत नांदेडला आमच्याकडे आलास की ‘अवकाशदीप’ वाचताना तू जेवायला उठत नसायचास, आणि मुधोळला परत गेलास की नव्या अंकातल्या कथा मी तुला पत्रातून लिहून पाठवायचे. हे सगळं मला आठवतं. तुलाही आठवत असेल, असं धरून चालले आहे. फोन कर म्हणजे बोलता येईल.

तुझी मावसबहीण आणि (लेख वेळेत न आल्यास) शत्रू,
नीलिमा


नेरडीगोंडा, जि. आदिलाबाद,
१९ जून २०२५

ती. निलूताईस,

फोन कर म्हणालीस, मी पत्र लिहितो आहे. फोनवर बोललो की सगळं घर कान देऊन ऐकतं, पत्र मात्र एकट्याचं राहतं. लेख असा वेगळा जमला नाही. याच पत्रात आहे. कुठून कापायचा ते तुला माझ्याहून चांगलं कळतं.

माझे सगळ्यांत आवडते लेखक ख. गो. लवेकर. त्यांची एकही कथा मी छापलेली पाहिलेली नाही. सगळ्या तुझ्या अक्षरात वाचल्या, निळ्या शाईत, कागदाच्या दोन्ही बाजूंनी लिहिलेल्या. त्यामुळे लवेकर म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर तुझंच अक्षर येतं. याबद्दल लवेकरांची माफी मागतो.

त्यांची ‘चंद्राची मोजणी’ ही कथा बघ. सरकारी मोजणीदार साखळी घेऊन चंद्रावर जातो. तिथले लोक म्हणतात, आधी पहाणी दाखवा. मोजणीदार मोजतो तर चंद्र कागदापेक्षा दोन गुंठे जास्त भरतो. जास्तीची जमीन जप्त करावी असा हुकूम येतो, तेव्हापासून दर महिन्याला चंद्र थोडा थोडा कापला जातो, आणि अपील झालं की परत मिळतो. मला नवल वाटतं ते याचं, की मुंबईच्या मासिकात लिहिणाऱ्या माणसाला पहाणी हा शब्द कुठून ठाऊक? तो तर आमच्या निजामाच्या दप्तरातला, तुमच्याकडचा सातबारा. हा लेखक आपल्याच मुलखातला असणार, अशी माझी खात्री आहे.

दुसरी कथा कालयंत्राची. ती घरात सगळ्यांना पाठ आहे. आमची अश्विनी तेलुगू शाळेत चौथीत होती तेव्हा तिनं विचारलं होतं, हे यंत्र आजीच्या गुडघ्याला चालेल का? तेलुगूत कालु म्हणजे पाय. तेव्हापासून आमच्या घरात कालयंत्र म्हणजे गुडघ्याला बांधायचा पट्टा.

तिसरी आणि सर्वांत आवडती म्हणजे ‘परगृहवासी’. अकरा भागांची. दूरच्या ताऱ्याकडचा एक परगृहवासी यान बिघडल्यामुळे एका विधवा बाईच्या परसात उतरतो. यानाचा एक सुटा भाग त्याच्या मुलखातून यायचा आहे. तो येईपर्यंत परगृहवासी बाईकडे राहतो, पाणी भरतो, गूळ खातो. बाई त्याला पाहुणा म्हणते. दर भागात तो सुटा भाग येता येता राहतो. अकराव्या भागाच्या शेवटी पोस्टमन पार्सल घेऊन दारात उभा आहे, आणि खाली ‘पुढील अंकी’. पुढचा अंक तू पाठवला नाहीस. तू कॉलेजला पुण्याला गेलीस. या गोष्टीला अडतीस वर्षं झाली.

आता हे अजून का लक्षात आहे, तेही सांगतो. माझ्या सासूबाई गयाबाई यांना एकच मुलगी, बयना. म्हणून लग्नानंतर मी इथेच राहिलो. सासू-जावयात बोलण्यासारखं असं किती असणार? बाजाराच्या आदल्या दुपारी आम्ही दोघं अंगणात मेथीच्या जुड्या बांधत बसायचो, आणि ते गप्प बसणं जड व्हायला लागलं तेव्हा मी लवेकर सुरू केले. एकतीस वर्षं झाली, सासूबाईंना अजून पुरलेत. चंद्राची मोजणी ऐकून म्हणाल्या होत्या, “वरतं बी दोन गुंठ्याचाच झगडा हाय म्हना की.” पण परगृहवाशाचं पुढं काय झालं, हे त्या दरवर्षी विचारतात. मी सांगतो, पुढच्या अंकात येणार आहे. त्या म्हणतात, “बरं पावने.” आमच्याकडे जावयाला तसंच म्हणतात.

तर लेखाच्या मानधनाऐवजी मला बारावा भाग पाठव.

तुझा,
महिपत


पुणे,
३ जुलै २०२५

प्रिय महिपत,

लेख वाचला. मेथीच्या जुड्या राहू देत, बाकी बरंच कापावं लागेल.

आधी शुद्धलेखन. ग्रह म्हणजे मंगळ, बुध, गुरू. गृह म्हणजे घर. दुसऱ्या ग्रहावरून आला तो परग्रहवासी. परगृहवासी म्हणजे दुसऱ्याच्या घरात राहणारा. तू दर खेपेला दुसऱ्याच्या घरात राहणारा असंच लिहिलं आहेस. आमचे मुद्रितशोधक धम्मदीप सकाळपासून हसत आहेत आणि पुढची प्रुफं हातात घ्यायला तयार नाहीत.

दुसरं म्हणजे लवेकर. मला ते गाळावेसे वाटतात. सामान्य लेखक होते रे. विज्ञान तर औषधाला नाही. दूरच्या ताऱ्यावरून पार्सल पोस्टानं कसं येईल? गुळावर यान चालतं का? पहाणी वगैरे शब्द त्यांनी कुठून तरी उचलले असतील. तेरा वर्षांच्या मुलाला ते आवडले हे ठीक, पण पंचावन्नाव्या वर्षी छापून सांगावं असं त्यात काही नाही. ‘अवकाशदीप’मध्ये त्यांच्याहून किती तरी चांगली माणसं लिहीत होती. त्यांच्यापैकी कुणाविषयी लिही.

बाराव्या भागाचं बघते. जुने अंक कुठे आहेत कोण जाणे.

तुझी,
निलूताई


नेरडीगोंडा,
२१ जुलै २०२५

ती. निलूताईस,

लवेकरांविषयी जे लिहिलंस ते वाचून वाईट वाटलं. माझ्यासमोर दुसरं कुणी असं बोललं असतं तर मी भांडलो असतो. तुझ्याशीही भांडतोच.

विज्ञान नाही म्हणतेस. विज्ञान आमच्या कृषी अधिकाऱ्याकडेही खूप आहे, पण त्यांचं पत्रक मी दुसऱ्यांदा वाचत नाही. लवेकरांचा परगृहवासी पहिल्या दिवशी जेवायला बसतो तेव्हा किती पोळ्या मागाव्या हे त्याला समजत नाही. तो दोन मागतो आणि बाई चार वाढते. हे ज्यानं लिहिलं त्याला सामान्य म्हणायला जीभ कशी वळते तुझी? तुझा संपादकीय डोळा धारदार झाला हे खरं, पण तो मायाळू राहिला नाही. कुणी तरी हे तुला सांगायला हवं होतं.

आता शब्दाविषयी. तो माझा नाही. तुझ्या पत्रांत अकराच्या अकरा भागांत तसाच आहे. पत्रं माझ्याजवळ आहेत. तू तर मासिकातून जसंच्या तसं उतरवायचीस. म्हणजे ‘अवकाशदीप’चे संपादक अकरा महिने दर अंकात एकच चूक करत होते, असं झालं. एवढ्या मोठ्या मासिकात असं व्हावं हे आश्चर्यच.

पण चूक असली तरी तो शब्द बदलू देणार नाही. बाबा गेल्यावर मी मुधोळला काकांकडे राहायला गेलो, तेव्हा दहा वर्षांचा होतो. कुणी वाईट वागवलं नाही. पण चुलीजवळ बसायचं की ओसरीवर, हे मला दरवेळी बघून ठरवावं लागायचं. तो शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं, कुणी तरी माझ्यावर कथा लिहिली आहे. पुढे काकांचं घर सुटलं आणि सासूबाईंचं आलं. शब्द बदलावा लागला नाही.

आता बाराव्या भागाची घाई का, ते. मागच्या सोमवारी सासूबाई परसात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. निर्मल शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं की या वयात ऑपरेशन झेपणार नाही, अंथरुणच आता, जेवढे दिवस आहेत तेवढे. काल मी पाणी द्यायला गेलो तर म्हणाल्या, “पावने, तो गेला का राह्यला, तेवढं सांगा. मले इचारायले येळ नाई आता.”

तू म्हणशील, मग आपणच शेवट जोडून द्यायचा. मी दोनदा जोडला. दोन्ही वेळा त्यांनी मध्येच थांबवलं. “हे त्याहिचं नाई, हे तुमचं हाय.” एकतीस वर्षं ऐकल्यावर त्यांना लवेकरांची चाल माझ्याहून जास्त कळते.

तेव्हा लवेकरांचा पत्ता पाठव. हयात असतील तर मी जाऊन पाय धरतो.

महिपत


पुणे,
२ ऑगस्ट २०२५

प्रिय महिपत,

बाईंचं वाचून फार वाईट वाटलं. बयनाला म्हणावं, स्वतःला जप.

लवेकरांची चौकशी केली. सांगायला वाईट वाटतं, पण ते वारले. वीसेक वर्षं झाली. सांगलीकडे कुठे तरी होते. घरचं कुणी नाही. बारावा भाग छापलाच गेला नव्हता, असं कळतं. त्यांनी तो बहुधा लिहिलाही नसावा.

बाईंना तेवढंच सांग. लेखक गेला, कथा राहिली. पुष्कळ कथा अशा राहतात.

लेख तूर्तास बाजूला ठेवू या.

निलूताई


नेरडीगोंडा,
१४ ऑगस्ट २०२५

ती. निलूताईस,

कै. ख. गो. लवेकर यांच्या निधनाची बातमी समजली. मी एक दिवस गूळ खाल्ला नाही. बाईंना कळवलं नाही, त्यांना हा धक्का सोसला नसता.

पण माझ्या डोक्यात एक हिशेब जुळत नाही. १९९१ साली बियाणं आणायला नांदेडला गेलो होतो, तेव्हा एका रद्दीच्या दुकानात मला ‘अवकाशदीप’चा शेवटचा अंक सापडला. दिवाळी १९८३. तिसऱ्या पानावर संपादकांनी वाचकांचा निरोप घेतला आहे. मी दुकानात उभ्या उभ्या तो सगळा वाचला. त्यात लवेकर नव्हते. मागचे सतरा अंक त्याच दुकानात होते, तेही चाळले. त्यांतही नव्हते. आणि तुझ्या पत्रांतून लवेकर मला भेटत राहिले ते जून १९८७ पर्यंत. मासिक मेल्यावर साडेतीन वर्षं त्याच्या कथा येत होत्या. विज्ञानकथेत असं चालत असेल.

तेव्हाच तुला लिहायचं होतं. लिहिलं नाही. वाटलं, मला कळलंय हे तुला कळलं तर तू लाजशील आणि पुढचं कधीच लिहिणार नाहीस. न कळताही लिहिलं नाहीस, तो भाग वेगळा.

सांगलीच्या मृत गृहस्थांना माझा निरोप दे. म्हणावं, बाई आता दिवसातून दोनदा डोळे उघडतात. कापसाला बोंडं धरायच्या आत शेवट यायला हवा.

महिपत


पुणे,
२५ ऑगस्ट २०२५

प्रिय महिपत,

तुझं पत्र ऑफिसात उघडलं ही चूक झाली. धम्मदीपनी काय झालं विचारलं तर मी म्हटलं, घरातलं कुणी तरी पुन्हा जिवंत झालं.

चौतीस वर्षं तू गप्प होतास आणि मी तुला लवेकर सामान्य होते म्हणून शिकवत होते. तू माझ्याशी माझ्या बाजूनं भांडलास. आयुष्यात माझ्यासाठी एवढं कुणी भांडलेलं नाही.

ख. गो. ल. खगोल. चौदा वर्षांच्या मुलीला ही भारी अक्कलहुशारी वाटली होती. वेकर मागाहून चिकटवलं. मासिक बंद पडलं हे तुला त्याच आठवड्यात कळवणार होते. पण तुझं पत्र आलं, त्यात होतं, ‘या घरात माझ्या नावानं तेवढंच येतं.’ ते वाचल्यावर मला कळवता आलं नाही. म्हटलं, एक महिना आपणच काही तरी लिहू. पहाणी हा शब्द आमच्या घरी अप्पांच्या तोंडी रोज असायचा. परग्रहवासी कसं लिहायचं हे मात्र मला खरंच येत नव्हतं.

पुण्याला आल्यावर एका मोठ्या संपादकांना मी ‘परगृहवासी’ दाखवली. त्यांनी फक्त त्या शब्दाभोवती लाल गोल केले आणि वही परत दिली. त्यानंतर मी गोष्ट लिहिली नाही. लाल पेन घेतलं. ते बरं चाललं.

चार रात्री बसून बारावा भाग लिहिला आहे. तो राहतो असे तीन शेवट लिहिले आणि तीनही फाडले. खोटे वाटत होते. जो राहिला तो सोबत आहे. पार्सल उघडतं. सुटा भाग बसतो. बाई अंगणात ज्वारी पाखडत असते. तो म्हणतो, येतो. ती मान वर न करता म्हणते, बरं पाहुणं, सावकाश जा. तो जातो. दुसऱ्या दिवशी बाई उठते तर सगळे हंडे भरलेले असतात. एवढंच.

तुझ्या सासूबाईंना आवडणार नाही, पण मला दुसरा येत नाही. लवेकरांना क्षमा कर.

नीलिमा


नेरडीगोंडा,
१२ सप्टेंबर २०२५

ती. निलूताईस,

तुझं पत्र पोळ्यानंतर आठ दिवसांनी आलं. त्याच दुपारी बाईंना शेवट वाचून दाखवला. या वेळी तोंडी सांगितला नाही. तुझं अक्षर त्यांच्या डोळ्यांसमोर धरून वाचला, म्हणजे माझं नाही हे त्यांना दिसावं. बयना मेथीच्या जुड्या सोडून दारात येऊन उभी राहिली.

बाईंनी एकदाही थांबवलं नाही. ज्वारी पाखडण्याचं आलं तेव्हा हात जरासा हलवला, एवढंच. हंडे भरलेले होते हे वाचून मी कागदाची घडी केली आणि बसून राहिलो. मला वाटलं, बाईंना झोप लागली असेल. मग त्या म्हणाल्या, “हे त्याहिचं हाय.” तुला जी पावती हवी होती ती मिळाली. पुण्यातल्या लाल गोलापेक्षा ही मोठी समज.

मी विचारलं, गेला ते बरं झालं ना? त्यांनी वर आढ्याकडे बघितलं.

“ते बाई त्याले शेवटपरेंत पावनाच म्हनत राह्यली,” त्या म्हणाल्या. “मंग काऊन राहील तो?”

बयना आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाफ्याला पाणी सोडून घरात येत होतो. आतून हाक आली, “महिपत, पानी दे.” मला वाटलं, मुधोळहून कुणी आलं की काय. या घरात मला माझ्या नावानं कुणी हाक मारत नाही. बयना ‘अवं’ म्हणते, अश्विनी बाबा म्हणते, गाव जावईबापू म्हणतं. मी ओसरीवर थांबलो तशी दुसरी हाक आली, आधीपेक्षा जोरात. बाईच होत्या. आणि अहोजाहोही नव्हतं, ‘दे’ म्हणाल्या, जसं बयनाला म्हणतात. पेला त्यांच्या तोंडापर्यंत नेईस्तोवर निम्मा सांडला. त्या म्हणाल्या, “नीट धर.” ताई, मी पंचावन्न वर्षांचा आहे. मी स्वयंपाकघरात जाऊन रडलो.

त्या अकरा दिवस राहिल्या. अकराही दिवस हाक तीच होती. परवा सकाळी गेल्या. जावई असून अग्नी मीच दिला, कारण त्या तसं बयनाला सांगून गेल्या होत्या. गावातले दोघं-तिघं कुरकुरले, पण ते चालायचंच.

लेखाचं विचारशील तर छाप. बारावा भाग त्याला जोडून छाप, आहे तसाच, त्याला जाऊ दे. लेखक म्हणून लवेकरांचं नको, तुझं नाव घाल. ते गृहस्थ सांगलीला गेलेच आहेत, त्यांना त्रास देऊ नकोस.

आणि शुद्धलेखनाबद्दलची माझी हरकत मी मागे घेतो. धम्मदीपना सांग, प्रत्येक ठिकाणी परग्रहवासी करून टाका. आता चालेल.

तुझा,
महिपत